ड्रेपमुळे ऑपरेशननंतरचं इन्फेक्शन टळतं का? एका रिव्ह्यूचं वाचन

पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आजचा पेपर वैद्यकशास्त्राचा आहे. पण तुम्ही केमिस्ट्रीचे असा, टेक्स्टाइलचे असा की मायक्रोबायोलॉजीचे, हा वाचून ठेवा. सगळ्यांना 'माहीत असलेल्या' गोष्टीचा पुरावा तपासायला गेलं की काय सापडतं, हे यात फार छान दिसतं.

विषय आहे ऑपरेशनच्या वेळी रुग्णाच्या अंगावर टाकतात तो कपडा. थिएटरमध्ये त्याला ड्रेप म्हणतात. रुग्णाचं सगळं अंग झाकायचं आणि चीर द्यायची तेवढीच जागा उघडी ठेवायची, इतकं साधं त्याचं काम. त्याने जंतुसंसर्ग टळतो असं प्रत्येक पाठ्यपुस्तकात आणि कंपनीच्या प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. प्रश्न असा, की हे कोणी मोजलंय का?

कोक्रेन या संस्थेचा एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आहे. जोन वेबस्टर आणि अब्दुल्ला अलघमदी यांनी तो २००७ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केला आणि २०१५मध्ये अद्ययावत केला. चिकटणाऱ्या प्लास्टिक ड्रेपमुळे जखमेचं इन्फेक्शन कमी होतं का, हा त्याचा प्रश्न. तो आपण ओळीने वाचू आणि जिथे अडेल तिथे थांबू.

आधी शब्द नीट लावून घेऊ

'ड्रेप' या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली म्हणजे सुती, विणलेला कपडा. धुवायचा, घडी घालायची, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचा आणि पुन्हा वापरायचा. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतला हिरवा कपडा तो हाच. दुसरी, एकदा वापरून टाकून द्यायचा न विणलेला कपडा. हा बहुधा पॉलिप्रॉपिलिनच्या तंतूंचे थर एकावर एक दाबून केलेला असतो. तिसरी वस्तू कपडा नाहीच. ती पातळ, पारदर्शक, चिकट प्लास्टिक फिल्म. ती थेट कातडीवर चिकटवतात आणि तिच्यातूनच चीर देतात. तिच्यातही दोन प्रकार आहेत, साधी आणि आयोडीन मिसळलेली.

कोक्रेनचा रिव्ह्यू फक्त या तिसऱ्या वस्तूबद्दल आहे. तरी 'ड्रेपचा उपयोग होत नाही, रिव्ह्यूने सिद्ध केलंय' अशी वाक्यं सेमिनारमध्ये सर्रास ऐकू येतात. ती चुकीची आहेत. कुठलाही ड्रेप न टाकता ऑपरेशन करून पाहणारी चाचणी कोणी घेतलेली नाही आणि घेऊ देणारही नाही, कारण एथिक्स कमिटी पहिल्याच बैठकीत ती परत पाठवील. म्हणजे काटेकोर बोलायचं तर कापडी ड्रेपवरचा आपला विश्वास चाचणीवर उभा नाही. तो जंतू कसे पसरतात याच्या ज्ञानावर उभा आहे. असा विश्वास खोटा असतो असं नाही, पण त्याचा पाया कुठला हे आपल्याला माहीत हवं.

ओला कपडा

या पायातला एक दगड १९५२चा आहे. अमेरिकेतले सर्जन विल्यम बेक यांनी एका सहकाऱ्याबरोबर एक छोटा लेख लिहिला. सर्जनचा गाऊन आणि ड्रेप यांवरचा खोटा विश्वास, असं त्याचं शीर्षकच होतं. म्हणणं थोडक्यात असं, की कोरडा सुती कपडा जंतूंना बऱ्यापैकी अडवतो, पण रक्ताने किंवा सलाइनने भिजला की तोच कपडा त्यांना वाट करून देतो.

हे का होतं ते समजायला अवघड नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू साधारण एक मायक्रॉनचा असतो. सुती विणीत दोन धाग्यांमधली फट त्याच्या कित्येक पट मोठी. कोरडेपणी जंतू मोकळे फिरत नाहीत, कातडीच्या सुटलेल्या खपल्यांवर बसून जातात. खपली मोठी असते, अडकते. कपडा ओला झाला की द्रवाबरोबर जंतू फटीतून आरपार जातात. त्यात कपडा जितक्या वेळा धुतला जातो तितकी वीण सैल होत जाते.

या कल्पनेतूनच पुढे मोजण्याच्या पद्धती आल्या. आज ओल्या अवस्थेत जंतू आरपार जातात का हे आयएसओ २२६१० या प्रमाणित चाचणीने पाहतात आणि कोरड्या अवस्थेसाठी आयएसओ २२६१२ आहे. टेक्स्टाइल किंवा पॉलिमरमध्ये काम करणाऱ्यांसाठी इथे पीएचडीचे विषय पडलेले आहेत. पण या चाचण्या कपड्याची परीक्षा घेतात, रुग्णाची नाही. कपडा पास झाला म्हणून बाईची जखम बरी झाली असं होत नाही. हे अंतर डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

रिव्ह्यू काय सांगतो

रिव्ह्यूत सात चाचण्या आहेत, १९७१ ते २००२ या काळातल्या. पाच चाचण्यांत साधी चिकट फिल्म लावलेले आणि न लावलेले असे मिळून ३,०८२ रुग्ण होते. फिल्म लावलेल्यांमध्ये इन्फेक्शन जास्त निघालं. रिलेटिव्ह रिस्क १.२३ आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.०२ ते १.४८. उरलेल्या दोन चाचण्यांत आयोडीनवाली फिल्म होती, रुग्ण १,११३. तिथे रिलेटिव्ह रिस्क १.०३, इंटरव्हल ०.६६ ते १.६०. म्हणजे फरक दिसला नाही.

१.२३ म्हणजे काय, हे तोंडाने सांगता आलं पाहिजे. समजा फिल्म न लावता शंभरातल्या दहा जणांना इन्फेक्शन होतं, तर फिल्म लावल्यावर बाराएक जणांना होईल. इंटरव्हलचं खालचं टोक १.०२ आहे, म्हणजे 'काहीच फरक नाही' या १ला जवळजवळ टेकलेलं. वरचं टोक १.४८, म्हणजे दहाचे पंधरा. व्हायव्हाला 'निकाल सिग्निफिकंट आहे' एवढंच सांगून थांबू नका. ही दोन्ही टोकं सांगा.

आता आयोडीनच्या निकालाकडे पाहा. 'फरक दिसला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ०.६६ ते १.६० या पट्ट्यात इन्फेक्शन एक तृतीयांशाने कमी होण्याची शक्यता बसते आणि दीडपटीहून जास्त वाढण्याचीही. हा निकाल आपल्याला 'माहीत नाही' एवढंच सांगतो.

मला कुठे खटकतं

रिव्ह्यू प्रामाणिक आहे आणि शिस्तीने केलेला आहे. माझी तक्रार आपण तो ज्या पद्धतीने वापरतो तिच्याबद्दल आहे. तीन मुद्दे सांगतो.

पहिला, या ३,०८२ जणांमध्ये कोण आहेत? मूळ चाचण्यांचे आकडे काढून बेरीज करा. डेन्मार्कमधल्या १९८९च्या चाचणीत १,३४० आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २००१च्या चाचणीत ६०३. दोन्ही सिझेरियनच्या. म्हणजे ३,०८२पैकी १,९४३, शंभरातल्या त्रेसष्ट जणी बाळंतिणी. मग '१.२३' हा आकडा मुख्यतः सिझेरियनबद्दल बोलतो. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनला, हृदयाच्या ऑपरेशनला तो तसाच लावायचा का? त्या दोन ठिकाणची कातडी वेगळी, घाम वेगळा, ऑपरेशनला लागणारा वेळ वेगळा. एकत्रित आकडा पाहिला की आत कोण आहे ते विचारायचं, ही सवय आत्तापासून लावून घ्या. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही, वही पुरते.

दुसरा मुद्दा, कशाला 'परिणाम' म्हणायचं? १९८७च्या आयोडीन फिल्मच्या चाचणीत जखमेतले जंतू कमी झाले होते, पण इन्फेक्शन कमी झालं नाही. २०१८मध्ये खुब्याच्या ऑपरेशनवर १०१ रुग्णांची एक चाचणी झाली. तिथेही आयोडीन फिल्ममुळे चिरेच्या जागचे जंतू कमी सापडले, फिल्मसह १२ टक्के आणि फिल्मशिवाय २७.४ टक्के. कंपनीचा प्रतिनिधी हा आकडा दाखवतो आणि तो खोटा नसतो. पण जंतू सापडणं आणि इन्फेक्शन होणं यांच्यामध्ये रुग्णाची प्रतिकारशक्ती, मधुमेह, रक्तातलं हिमोग्लोबिन, अँटिबायोटिकची वेळ असं बरंच काही उभं असतं. अशा मधल्या मोजमापाला सरोगेट आउटकम म्हणतात. आपल्या क्षेत्रातही तो असतोच. प्लेटवरचा झोन ऑफ इनहिबिशन हा सरोगेट, रोग बरा होणं हा परिणाम. पहिला मोजून दुसऱ्याचा दावा करायचा नाही.

तिसरा मुद्दा, एकाच पुराव्यावरून वेगवेगळी वाक्यं कशी तयार होतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००८मध्ये म्हटलं, की आयोडीन नसलेली फिल्म सरसकट वापरू नका, फिल्म लागणारच असेल तर आयोडीनवाली घ्या. जागतिक आरोग्य संघटना २०१६मध्ये म्हणाली, की इन्फेक्शन टाळण्याच्या हेतूने कुठलीच चिकट फिल्म वापरू नये. अमेरिकेच्या सीडीसीने २०१७मध्ये म्हटलं, की ती आवश्यक नाही. 'वापरू नका', 'आवश्यक नाही' आणि 'लागली तर ही घ्या' या तीन वाक्यांत खरेदी करणाऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तिन्हींच्या मागे जवळपास त्याच चाचण्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस सशर्त आहे आणि पुराव्याचा दर्जा कमी ते अतिशय कमी आहे, असं स्वतःच नोंदवलं आहे. शिफारस वाचताना तिच्या शेजारच्या कंसात काय लिहिलंय ते आधी वाचा.

हिरवा कपडा हलका आहे का?

आपल्याकडच्या दवाखान्यांना खरा प्रश्न पडतो तो सुती कपडा ठेवायचा की एकदाच वापरायचा संच विकत घ्यायचा, हा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६मध्ये दोन्ही चालतील असं सांगितलं. निर्जंतुक असेल तर धुऊन वापरायचा विणलेला ड्रेपही चालेल आणि टाकून द्यायचा न विणलेलाही. ही शिफारसही सशर्तच आहे.

वाचताना 'निर्जंतुक' या शब्दावर थांबा, सगळं वजन तिथे आहे. कपडा नीट धुतलेला हवा, फाटलेला किंवा भोक पडलेला नको, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर पुरेसा वेळ राहिलेला हवा आणि बाहेर काढताना कोरडा हवा. ओला निघालेला गठ्ठा निर्जंतुक धरत नाहीत, कारण बेकने सांगितलेली गोष्ट तिथेही लागू पडते. मध्येच लाइट गेली तर सायकल पहिल्यापासून करावी लागते. म्हणजे सुती ड्रेपचा दर्जा धोब्याच्या, ऑटोक्लेव्ह चालवणाऱ्या मावशींच्या आणि महावितरणच्या हातात असतो. कपड्याची तुलना करणारा पेपर वाचताना पाहा, या साखळीचं वर्णन त्यात आहे का? नसेल तर त्या पेपरमधला 'सुती ड्रेप' आणि तुमच्या तालुक्याच्या थिएटरमधला 'सुती ड्रेप' या एकच वस्तू आहेत असं मानायला आधार नाही.

इथून पाहिलं तर

मी हे तलवाड्यातून लिहितोय, गेवराई तालुक्यातून. म्हणून एक प्रश्न टाळता येत नाही. या सात चाचण्यांत भारतातली एकही नाही. मग आपल्या जिल्ह्यात हा पुरावा कसा लावायचा?

बीडमध्ये ऑपरेशन हा शब्द साधा राहिलेला नाही. ऊसतोड महिलांच्या गर्भाशयं काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९मध्ये राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या आकडेवारीनुसार जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. शंभरातल्या जवळपास सतरा. ही ऑपरेशनं गरजेची होती का, यावर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण ऑपरेशन झाल्यावर किती जणींच्या जखमा चिघळल्या, किती जणींना टाक्यांतून पू घेऊन फडात उभं राहावं लागलं, हा दुसरा प्रश्नही तितकाच खरा आहे.

आता या प्रश्नाला संशोधकाच्या नजरेने पाहा. जखमेचं इन्फेक्शन साधारणपणे ऑपरेशननंतर ३० दिवसांत धरतात, आत काही बसवलेलं असेल तर काही प्रकारांत ९० दिवसांपर्यंत. बरीचशी इन्फेक्शनं घरी गेल्यावर दिसतात. आणि आपल्याकडे ती बाई घरी असतेच असं नाही. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, परत येईपर्यंत उन्हाळा लागतो. उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. जखम दाखवायला ती परत येणार कधी? ती जवळच्या कुठल्या तरी डॉक्टरकडे जाते, नाहीतर मेडिकलमधून गोळ्या घेते. इकडच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे काहीच लिहिलं जात नाही, आणि वर्षाच्या शेवटी 'इन्फेक्शन शून्य' असा तक्ता तयार होतो.

अशा तक्त्यावर ड्रेपची तुलना केली तर दोन्ही बाजूंना शून्य येईल आणि निष्कर्ष निघेल की फरक नाही. मोजलंच नाही हे त्यात दिसणार नाही. फॉलोअप सुटणं ही बाब पेपरच्या शेवटी 'मर्यादा' या मथळ्याखाली एका ओळीत उरकायची नसते. बीडमध्ये तो अभ्यासाचा कणा आहे. टोळीच्या मुकादमाचा फोन नंबर, कारखान्याचं नाव, गावातल्या आशाताईंची मदत, हे सगळं प्रोटोकॉलमध्ये पहिल्या दिवशी लिहिलेलं पाहिजे.

मग चांगली चाचणी कशी दिसते?

आपल्यासारख्या परिस्थितीत मोठं काम होऊ शकतं, याचा पुरावा आहे. २०२२मध्ये लॅन्सेटमध्ये चीता नावाची चाचणी आली. भारतासह सात देशांतली ८१ रुग्णालयं, १३,३०१ रुग्ण. प्रश्न अगदी साधा होता. पोटाचं ऑपरेशन संपताना, शिवायच्या आधी, सगळ्यांनी हातमोजे बदलले आणि निर्जंतुक अवजारांचा नवा संच घेतला तर काय होतं? इन्फेक्शन १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. साधारण पस्तीस ऑपरेशनांमागे एक इन्फेक्शन टळलं.

तिथे विभागणी रुग्णांची केली नव्हती, रुग्णालयांची केली होती. एकाच थिएटरमध्ये सकाळी एक पद्धत आणि दुपारी दुसरी असं ठेवलं तर माणसं गोंधळतात, सवयी मिसळतात. कपडे धुण्याची नि निर्जंतुक करण्याची साखळी तपासायची असेल तर तिथेही हाच मार्ग लागेल. मोजायचंही इन्फेक्शनच ठरवलं होतं, जंतूंची संख्या नाही. आणि तिथे १८.९ टक्के हा आकडा न लपवता छापला. शून्याच्या तक्त्यांपेक्षा तो मला जास्त विश्वासाचा वाटतो.

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे या. इन्फेक्शन १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येतं हे पकडायचं असेल, ८० टक्के पॉवर आणि नेहमीची ५ टक्क्यांची मर्यादा धरली, तर प्रत्येक गटात सुमारे ४३० रुग्ण लागतात. १०वरून ७वर येणं पकडायला सुमारे १,३५०. आणि आपल्याकडे बरेच थीसिस ३० विरुद्ध ३०वर उभे असतात. तिथे एका गटात तीन आणि दुसऱ्यात दोन इन्फेक्शनं येतात, पी व्हॅल्यू मोठी येते आणि निष्कर्षात लिहिलं जातं, की दोन्ही ड्रेप सारखेच. तीस जणांत हे कळणारच नव्हतं, आणि कागदावर दहा मिनिटं बसलं असतं तर अभ्यासाआधीच दिसलं असतं. तीस रुग्णच मिळणार असतील तर प्रश्न बदला. पन्नास धुण्यांनंतर कपडा ओल्या अवस्थेत जंतू किती आत सोडतो, हा प्रश्न लॅबमध्ये प्रामाणिकपणे सुटतो. फक्त त्याचं उत्तर रुग्णाच्या नावावर खपवू नका.

अजून एक सोय या विषयात आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चिकट फिल्म ऑपरेशन संपताच काढून टाकतात. म्हणजे सर्जनला लपवता आलं नाही तरी दहाव्या दिवशी जखम पाहणाऱ्या नर्सला कोणत्या गटातला रुग्ण आहे हे कळायचं कारण नसतं. परिणाम मोजणाऱ्याला अंधारात ठेवणं इथे फुकट जमतं. ते केलं नसेल तर पेपरला त्याचा जाब विचारा.

माझं मत विचाराल तर असं. साध्या चिकट फिल्मवर दवाखान्याने इन्फेक्शन टाळण्यासाठी पैसे खर्च करू नयेत, एवढं म्हणायला हा रिव्ह्यू पुरेसा आहे, विशेषतः सिझेरियनला. आयोडीन फिल्मबद्दल तो कुठल्याच बाजूने पुरेसा नाही. आणि हिरव्या सुती कपड्याला मागासलेला ठरवायला त्यात काहीच आधार नाही. तो कोरडा आणि अखंड असावा, यावर मात्र तडजोड नको.

सरावासाठी एक काम देतो. तुमच्या विषयातला एक रिव्ह्यू घ्या, त्यातल्या सगळ्यात मोठ्या दोन अभ्यासांतले सहभागी मोजा आणि एकूण आकड्यात त्यांचा वाटा किती ते काढा. मग निष्कर्षाचं वाक्य पुन्हा वाचा, आणि ते तेवढ्यापुरतंच लिहिलंय का ते पाहा.